टोपण घट्टच होतं

२ डिसेंबर, मंगळवार

पिवळा दिवा पुन्हा लागला. चौथ्यांदा!

घनश्याम भाऊ सकाळी दहाले गाडी घेऊन आले. गॅरेजच्या दारातच हॉर्न. "महेंद्र भाऊ, ये लाइट फिर आ गई यार, इंजिनवाली." स्कॅनर लावला. तोच कोड. टाकीतली पेट्रोलची वाफ कुठंतरी निसटून राह्यली, लहान गळती. मी सवयीनं म्हणलं, टोपण पाहू. तं ते म्हणे, "टोपण आता मीच लावतो ना. दोन महिने झाले, चाबी माह्याजवळ हाये. बायको तं बसनं जाते."

मी स्कॅनरमध्येच डोकं घालून बसलो. दोन महिने पौर्णिमा मॅडमनं गाडीले हात नाई लावला, अन् दिवा पुन्हा लागला. मंग टोपणाचा अन् मॅडमचा काय संबंध? तिसरीतल्या पोराले समजन! पण घनश्याम भाऊ स्वतःच म्हणे, "तिनं पह्यलेच टोपणाचे आटे खराब करून ठेवले असन."

अन् मी काय म्हणलं? "हौ, असन."

हौ, असन! कोड मिटवला, दिवा विझवला, गाडी त्याइच्या हवाली केली. ते खूश होऊन गेले. मी मात्र दुपारचा डबा तसाच घरी आणला.

३ डिसेंबर, बुधवार

आम्रपाली विचारून राह्यली, तब्येत बरी नाई का. म्हणलं, ॲसिडिटी. बायकोले काय सांगू? इथंच लिहून काढतो सगळं, नाईतं डोक्यात घुमत राहीन.

पौर्णिमा मॅडम उकव्याच्या शाळेत शिकवते. गाडी तिच्या पगारातून घेतलेली, कागदावर नाव तिचं. घनश्याम भाऊ तिचे मालक, इथंच बालाघाटच्या कचेरीत बाबू हायेत, घरापासून चालत पंधरा मिनिटं. गाडीची खरी गरज मॅडमले. रोज घाटातून जाणं-येणं, मागच्या सीटवर पोरगी दीपिका, ती पण त्याच शाळेत.

जूनमध्ये दिवा पह्यल्यांदा लागला तवा मॅडम एकटीच आलती. म्हणे, "भाऊ, गाडीत पेट्रोलचा वास येते. मागच्या बाजूनं. घाटात तं जास्तच. दीपिका रोज ओकते." मी मागचं दार उघडलं, डोकं आत घातलं, मोठा श्वास घेतला. म्हणलं, "काई वास नाई मॅडम. पोरीले घाट लागत असन. तुमी टोपण घट्ट लावत जा, टक-टक आवाज आला पायजे." ती म्हणे, "लावतो ना भाऊ मी. तीनदा टक करतो."

मी कोड मिटवला. ऑगस्टात पुन्हा लागला, पुन्हा मिटवला.

सप्टेंबरच्या शेवटी तिसऱ्यांदा. त्या दिवशी नवरा-बायको दोघंही आले. कचेरीतले तिघं-चौघं माह्या गॅरेजसमोर चहा पीत बसले होते, घनश्याम भाऊच्याच टेबलाचे लोक. भाऊ वैतागून म्हणे, "आखिर चक्कर क्या है?" अन् मले, लोक पाहून राह्यले म्हणून, जोर चढला. म्हणलं, "चक्कर काई नाई. मॅडम टोपण ढिलं ठेवते. बायकाइच्या हाताले जोर कुठं असते!"

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो.

मॅडम म्हणे, "मी घट्ट लावतो." एवढंच. कोणी ऐकलं नाई. घनश्याम भाऊनं हात पुढं केला अन् तिच्या हातातून चाबी घेतली. सगळ्याइसमोर. "उद्यापासून बस."

हे लिहितानाही कान तापून राह्यले.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बसस्टँडवर गेलतो, नागपूरच्या गाडीनं पार्सल येणार होतं. थंडी अशी की हात खिशाबाहेर काढवत नाई. उकव्यावरून जाणाऱ्या बैहरच्या बसजवळ मॅडम उभी. खांद्यावर पिशवी, एका हातात वह्याइचा गठ्ठा, दुसऱ्या हाताले दीपिका. मी लगेच मोबाइल कानाले लावला. कोणाचाच फोन नोता!

पण तिनं पाह्यलंच. जवळ आली. "नमस्ते भाऊ." मले वाटलं, आता बोलन काई. तं म्हणे, "बसचं एक बरं हाये. उठाले लागते लवकर, सीट मिळत नाई, पण दीपिका बसमध्ये ओकत नाई. गाडीतच ओके."

मी म्हणलं, "घाट लागत असन." अन् माहंच तोंड वाकडं झालं. अरे, बस काय दुसऱ्या घाटातून जाते का? तोच रस्ता, तेच वळण!

कंडक्टरनं शिट्टी मारली. दोघी चढल्या. सीट नोती. खिडकीतून पोरीनं मले टाटा केला.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात गेलो. अभिवादनाचा दिवस, सगळा वॉर्ड आलता, पांढऱ्या कपड्यात. पंचशील सुरू झालं. तीन शीलं म्हणलो. चौथं आलं, खोटं बोलणार नाई ते. ओठ हलले, आवाज नाई निघाला. लहानपणापासून म्हणून राह्यलो, झोपेतही चुकत नाई. शेजारी तेजरामदादा होते, त्याइनं वळून पाह्यलं. मी खोकलो.

खोकण्याचंही नाटकच.

७ डिसेंबर, रविवार

आज लिहूनच टाकतो. दुसरीकडे कुठंच सांगता येत नाई.

मले वास येत नाई.

कोरोनात गेला, तो पुन्हा आलाच नाई. डॉक्टर म्हणलते, येईन हळूहळू. साडेचार वर्षं झाले. कांदा नाई, उदबत्ती नाई, पेट्रोल नाई, काईच नाई.

अन् या गावात माहं नाव कशासाठी? नाकासाठी! "महेंद्रचं नाक मशीन हाये." बोनेट उघडण्याआधी मी सांगे, क्लच जळला का कूलंट गळते का वायर तापली. लोक मजा पाहाले थांबत. ते नाक गेलं, पण मी बोर्ड काई उतरवला नाई. अजून बोनेटवर वाकतो, डोळे मिटतो, श्वास घेतो. मंग आवाजावरून, रंगावरून, अंदाजानं सांगतो. बहुतेक वेळा बरोबर निघते. गावाले वाटते नाकानंच समजलं.

जूनमध्ये मॅडमच्या गाडीत डोकं घालून मी जो श्वास घेतला, तो असाच होता. तिचं नाक बरोबर होतं. माह्याजवळ नाकच नोतं. अन् मी तिले म्हणलं, काई वास नाई! लहान लेकराची ओकारी तिनं सांगतली, तेही मी घाटावर ढकललं.

घरात कोणाले माहीत नाई. गॅरेजमध्ये मी एकटा, तिथं सांगाले कोणी नाईच.

९ डिसेंबर, मंगळवार

घनश्याम भाऊले फोन केला. "गाडी आणून सोडा, दहा-पंधरा दिवस ठेवतो." ते म्हणे, "दिवा तं बंद हाये, कशाले?" म्हणलं, "एक मोठा तपास करून टाकतो, पुन्हा पुन्हा येणं नको." म्हणे, "तुमची मर्जी."

पुढचं तोंडावर आलतं, चूक टोपणाची नाई. गिळलं.

११ डिसेंबर, गुरुवार

गाडी आली. रस्त्यातच पिवळा दिवा पुन्हा लागलता. पह्यले टोपणच काढलं. रबर पाह्यलं: नवंकोरं, चीर नाई, चपटलं नाई. आटे साफ. लावून पाह्यलं, तीन टक. मंग काढून एकट्या टोपणालेच हातपंपानं हवेचा दाब दिला अन् मीटर पाहत बसलो. काटा जागचा हलला नाई.

टोपण घट्ट. घट्टच होतं. हे तपासाले मले दहा मिनिटं लागले. जूनमध्ये हे दहा मिनिटं कुठं गेलते?

मंग गाडीखाली झोपलो. वाफ टाकीतून नळीनं कोळशाच्या डब्यात जाते, तिथं थांबते, इंजिन चालू झालं की तिकडे ओढली जाते अन् जळते. बाहेर कुठंच जाले नाई पायजे. सुई जाईन एवढं भोक असलं तरी गाडी दिवा लावते. डबा पाह्यला, कोरडा. नळ्या वाकवून-वाकवून पाह्यल्या. सांध्याइवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाई.

नाक असतं तं आतापर्यंत सापडलं असतं. पह्यले मी अशी गळती चहा थंड व्हायच्या आत काढे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

धूर लागन. टाकीत सोडला की गळते तिथून दिसन. जे नाकानं नाई होत ते डोळ्यानं कराचं.

धुराची मशीन मोठ्या शोरूममध्ये असते. मी मोबाइलवर पाहून पाहून घरीच बनवली. रंगाचा रिकामा डबा, तेल तापवाले जुन्या डिझेल इंजिनचा हीटर प्लग, आत लहान लेकराच्या मालिशचं तेल, झाकणाले दोन नळ्या. एका नळीतून हवा आत, दुसरीतून धूर बाहेर. पह्यल्यांदा झाकण उडालं अन् सगळं तेल माह्या शर्टावर. आम्रपाली म्हणे, "या वयात बाळ झाले का तुमी?" हसू आलं. किती दिवसाइनं!

दुपारी फकिराच्या टायरच्या दुकानात गेलो, थोडी हवा दे म्हणलं. काय करणार, त्यानं विचारलं. सांगतलं. तो ओरडलाच, "पागल है क्या! पेट्रोलच्या टाकीत साधी हवा घालते का कोणी? उडशीन!" मंग टायरमध्ये भरतात तो नायट्रोजन दिला, बारका मीटरही लावून दिला. म्हणे, "फुंकरीएवढंच सोड." जाता जाता विचारून राह्यला, "तुले कशाले पायजे मशीन? तुह्याजवळ तं नाक हाये."

मी म्हणलं, "सर्दी झाली."

१३ डिसेंबर, शनिवार

सापडलं.

डबा गाडीपासून लांब ठेवला, नळी लांब घेतली. टाकीची बाहेर जाणारी वाट बंद केली अन् धूर सोडला, अगदी हळू. टोपणाजवळ टॉर्च धरून उभा राह्यलो. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. टोपणातून काई नाई. गाडीखाली गेलो. डबा साफ, नळ्या साफ. बाहेर येऊन पाहतो तं मागच्या काचेच्या आतून पांढरं पांढरं दिसून राह्यलं. धूर गाडीच्या आत!

मागची सीट उचलली. तिच्याखाली पत्र्याचं गोल झाकण असते, त्याच्याखाली पेट्रोलच्या पंपाचं तोंड. तिथून बारीक धार वर येऊन राह्यली होती. टॉर्चच्या उजेडात अशी साफ दिसली की लहान लेकरू बोट ठेवन.

अन् तिथं लाल मसाला, सांधे बुजवाची पेस्ट.

या गावात सांध्याले लाल मसाला मी एकटाच लावतो. पुसून पाह्यलं, मसाल्यावर अंगठ्याचा ठसा. माहाच.

मंग सगळं आठवलं. तेरा एप्रिल. दुसऱ्या दिवशी जयंती, रॅलीच्या ट्रॅक्टरले लायटिंग लावाचं काम माह्याकडे, अन् ही गाडी पंप खराब झाला म्हणून उभी. पंप आलता, त्याची रबराची रिंग नोती आली. जुनी रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली, खाचेत बसेना. दोन दिवस थांबलो असतो तं नवी आली असती. मी काय केलं? रिंग उन्हात वाळवली, ओढूनताणून बसवली, जिथं नाई बसली तिथं मसाला भरला, झाकण कसलं, सीट टाकली. "झालं मॅडम, घेऊन जा."

मसाला पेट्रोलच्या वाफेत टिकत नाई. हे मले माहीत नोतं का? माहीत होतं! दोन महिन्यात सुटला. जूनमध्ये दिवा लागला. हिशेब एवढा सरळ हाये.

म्हणजे गळती माही. सीटखाली भोक माहं. त्या भोकावर ते लेकरू बसून रोज घाटातून जाये, वाफ नाकात घेये, ओके. एखादी ठिणगी... नाई. हे नाई लिहवत.

अन् हात बायकाइचे कमजोर म्हणे!

१४ डिसेंबर, रविवार

गॅरेज बंद ठेवलं. काईच लिहावंसं वाटत नाई.

१६ डिसेंबर, मंगळवार

नवी रिंग आली. बोटाएवढी जाड, खाचेत अशी बसली की हात लावाची गरज नाई. लाल मसाला खरडून खरडून काढला, अर्धा तास लागला. पुन्हा धूर सोडला. सीटखाली काई नाई. टोपणाजवळ काई नाई. कुठंच काई नाई.

घरी आलो तं गॅसवर दूध उतू जाऊन जळून राह्यलं होतं, मी बाजूलेच उभा, मोबाइल पाहत. आम्रपाली अंगणातून धावत आली, गॅस बंद केला. मी म्हणलं, "लक्ष नोतं."

ती म्हणे, "लक्ष होतं. वास नोता."

मी मोबाइल खिशात टाकला.

"मले काय आज समजलं का? तुमी भाजी नासली तरी खाता. मागं उंदीर मेलता पलंगाखाली, तुमी तीन दिवस त्याच पलंगावर झोपले. तवापासून दूध मीच पाहतो, गॅस मीच पाहतो."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सांगाची वाट पाहत होतो."

मंग सगळंच सांगून टाकलं तिले. रिंग, टोपण, सप्टेंबरचं हसणं. ती भांडं घासत होती, हात थांबले. म्हणे, "बायकाइच्या हाताले जोर नसते, असं म्हणले तुमी?" म्हणलं, हौ. तिनं भांडं जोरानं आदळलं. जेवण वाढलं, पण माह्यासोबत बसली नाई.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कोड या वेळी मिटवला नाई. मुद्दाम. गाडीनं स्वतः तपासून स्वतः दिवा विझवला पायजे, तवाच खरं. त्यासाठी गाडी रातभर थंड पडली पायजे, टाकी अर्धी भरलेली पायजे, मंग सकाळी चालवाची. असं तीन-चार सकाळी. मी रोज सहाले उठून उकव्याच्या रस्त्यानं जाऊन येतो. घाटात मागच्या सीटकडे पाहण्याची हिंमत होत नाई.

आज तिसरा दिवस. दिवा हाये अजून.

२१ डिसेंबर, रविवार

विझला! आपोआप. वळणावर पाह्यलं तं मीटरवर पिवळं काईच नाई. गाडी बाजूले घेतली, उतरलो, मोठ्यानं ओरडलो. झाडाखाली एक म्हातारा गुराखी बसलता, त्यानं विचारलं, "का हुआ भैया?" म्हणलं, "गाडी सुधर गई." तो म्हणे, "तो रो काहे रहे हो?"

उद्या घनश्याम भाऊले सांगतो. सगळं. एका दमात.

२२ डिसेंबर, सोमवार

सांगतलं. पण जे झालं ते मी मनातही आणलं नोतं.

कचेरीच्या जेवणाच्या सुटीत भाऊ गॅरेजले आले. मी स्टूल दिलं, स्वतः उभाच राह्यलो. म्हणलं, "भाऊ, टोपण बरोबर होतं. पह्यल्या दिवसापासून बरोबर होतं. एप्रिलमध्ये पंप बसवताना जुनी रिंग मीच घातली, तिथून वाफ गळत होती. मॅडमची काईच चूक नाई. सगळी माही."

मले वाटलं, कॉलर धरन. चार शिव्या देईन. खरं सांगतो, मले त्या शिव्या पायजेच होत्या.

भाऊ हसले. "अरे महेंद्र भाऊ, ते टोपणाचं मले तरी कुठं पटलतं? मीच टोपण लावून राह्यलो दोन महिने, तरी लाइट आली. इतना तो मैं भी समझता हूँ."

मी म्हणलं, "मंग चाबी?"

"चाबी राहू द्या माह्याजवळ. कचेरीत गाडीनं गेलं की जरा बरं दिसते. तिले बस हाये ना, सवय झाली आता." स्टुलावरून उठले, माह्या खांद्यावर हात ठेवला. "चार लोकाइसमोर तुमीच म्हणले होते, आता तुमीच पलटू नका. चांगलं नाई दिसत. तिले काई सांगू नका. बुधवारी कचेरी सुटली की गाडी न्यायले येतो."

खांद्यावर हात अजून जाणवून राह्यला. म्हणजे मी जे खोटं बोललो ते त्याइले कामाचं होतं. मी आपलं तोंड वाचवाले बोललो, अन् त्याइनं त्याच्यावर गाडी मिळवली. अन् मी "बरं" म्हणलं! आजही "बरं"च म्हणलं! काय माणूस हाव मी?

२३ डिसेंबर, मंगळवार

चाबी टेबलाच्या खणात हाये. दिवसभरात पाच-सहादा खण उघडला.

आम्रपाली रातच्या भाकरी करता करता म्हणे, "गाडी कोणाच्या नावानं हाये?" म्हणलं, मॅडमच्या. ती म्हणे, "मंग विचार कशाचा करून राह्यले?"

२४ डिसेंबर, बुधवार

गाडी घेऊन उकव्याले गेलतो. शाळा सुटाच्या वेळी मॅडमले हापशीजवळ बाजूले बोलावलं अन् हळूच सगळं सांगतलं. रिंग, टोपण, माहं नाक, अन् परवा भाऊ काय बोलले तेही.

ती ओरडली नाई. म्हणे, "घाटात मी तीन जागी गाडी थांबवून टोपण पाहे भाऊ. बाजूनं ट्रक जात. आता घरी कुलूप लावलं तरी दोनदा परत येऊन ओढून पाहतो. मलेच वाटे, मीच चुकत असन."

चाबी पुढं केली. तिनं घेतली नाई. मी म्हणलं, "तुमी मागं बसा, मी चालवतो."

तवा तिनं चाबी ओढूनच घेतली. "तुमी बाजूले बसा. अन् एक शब्द बोलू नका."

दीपिका मागच्या सीटवर बसली. मॅडम घाट उतरली. कुठंच थांबली नाई. बालाघाट आलं, पण घराकडे वळली नाई. कचेरीच्या फाटकासमोर गाडी लावली. कचेरी सुटून राह्यली होती. घनश्याम भाऊ अन् तवा चहा पीत हसलेले ते तिघं-चौघं पायऱ्या उतरत होते.

मॅडम समोर पाहत म्हणे, "तुमी माह्यावर हसले तं सगळ्याइसमोर. खरं सांगाले मात्र मले कोपऱ्यात नेलं. उतरा भाऊ, आता इथं सांगा."

मी दार उघडलं.